टेबलाखालच्या सर्व्हरचा हिशेब

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्याआधी १० ऑक्टोबर २०२३ रोजी विंडोज सर्व्हर २०१२ चा नियमित आधार संपला होता. मोठ्या उद्योगांत अशा तारखांची तयारी बरीच आधी सुरू होते. छोट्या कार्यालयांत मात्र त्या येऊन गेल्याचे बहुधा ध्यानातही येत नाही. प्रश्न केवळ जुन्या संगणकांचा नाही. आपल्या कार्यालयात काय आहे, हेच मालकाला ठाऊक नसण्याचा आहे.

सनदी लेखापालाचे, वकिलाचे किंवा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचे दहा-पंधरा माणसांचे कार्यालय पुण्यात असो वा नाशिकमध्ये, चित्र साधारण एकच असते. टेबलाखाली धूळ खात बसलेला एक जुना संगणक असतो आणि त्यालाच सारे ‘सर्व्हर’ म्हणतात. टॅलीचा हिशेब, पगारपत्रके, ग्राहकांच्या पॅन व आधार कार्डांच्या प्रती असे सर्व काही त्याच्याच पोटात. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या राउटरला एक स्विच, त्याला दुसरा स्विच आणि आतल्या केबिनमध्ये वाय-फाय पोहोचत नाही म्हणून कोणीतरी बाजारातून आणून जोडलेला आणखी एक राउटर. हे दोन्ही राउटर संगणकांना आपापले पत्ते वाटत राहतात. त्यामुळे कधी प्रिंटर सापडत नाही, कधी टॅली उघडत नाही. एखादी केबल काढून पुन्हा लावली की काम सुरू होते आणि ते का अडले होते, हा प्रश्न तेथेच विरून जातो.

हा पसारा कोणी मुद्दाम घातलेला नसतो. गरज पडली तसे एकेक ठिगळ लागत गेले, एवढेच. पण या जाळ्याचा समग्र नकाशा कोणाकडेच नसतो. पासवर्ड असतो तो वार्षिक देखभालीच्या करारावर येणाऱ्या तंत्रज्ञाच्या स्मरणात. त्याने व्यवसाय बदलला की कार्यालय स्वतःच्याच घराबाहेर उभे राहते.

अशा दुर्लक्षाची किंमत काय असते, याचे दाखले जुने नाहीत. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती. जवळपास दोन महिने हाती असूनही असंख्य संगणकांवर ती बसवली गेली नव्हती. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज कोलमडले आणि त्याची झळ जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसली. सर्व वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे मर्स्कचे मुख्य सर्व्हर एकापाठोपाठ एक नष्ट झाले. घाना येथील एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती! एवढ्या बलाढ्य कंपनीची पुनर्बांधणी अशा योगायोगावर अवलंबून राहिली. जुलै २०२४ अखेर भारतात अनेक सहकारी व ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार काही काळ अडले.

आता यात कायद्याचीही बाजू आली आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. लघुउद्योगांना त्यासाठी दिलेली वाढीव मुदत २५ सप्टेंबर २०२२ रोजी संपली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या कार्यालयाला एवढा दंड होईलच असे नव्हे. पण ज्या सर्व्हरवर कोण कधी शिरले याची नोंदच होत नाही, त्याचा मालक सहा तासांत कळवणार तरी काय?

मग सुरुवात कोठून करावी? बहुतेकांचा पहिला विचार नवा सर्व्हर घेण्याचा असतो आणि तेथेच गाडी चुकते. पसारा तसाच ठेवून यंत्र बदलले, तर जुना गोंधळ नव्या पेटीत जातो. पहिले साधन आहे वही. कोणती यंत्रे आहेत, कोणती केबल कोठे जाते, कोणते काम कोणत्या संगणकावर चालते, कोणाला कशाचा अधिकार आहे, हे लिहून काढणे आणि केबलींना चिठ्ठ्या लावणे. पासवर्ड मात्र या वहीत नकोत; ते बंदोबस्तात, मालकाच्या ताब्यात हवेत.

दुसरे काम बॅकअपचे आणि ते कशालाही हात लावण्यापूर्वीचे. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे. खंडणीखोर विषाणू तीही कुलूपबंद करतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक कार्यालयाबाहेर, हा जुना नियम आजही पुरेसा आहे. मात्र त्या प्रतीतून हिशेब पुन्हा उघडून पाहिला नसेल, तर बॅकअप आहे हा केवळ समज ठरतो.

त्यानंतर दारे बंद करावीत. बाहेरून सर्व्हर चालवता यावा म्हणून इंटरनेटवर उघडी ठेवलेली वाट, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती, सर्वांचा मिळून एकच पासवर्ड, ही ती दारे. मग पत्ते वाटण्याचे काम एकाच राउटरकडे द्यावे आणि पाहुण्यांचे वाय-फाय व सीसीटीव्ही हिशेबाच्या संगणकांपासून वेगळे करावेत. नवा सर्व्हर किंवा क्लाउड याचा निर्णय सर्वांत शेवटी. क्लाउडमुळे टेबलाखालची पेटी जाईल, पण जुनी खाती आणि सामाईक पासवर्ड तेथेही सोबत जातील.

यातील बहुतेक कामांना पैशांपेक्षा सवड अधिक लागते आणि सवड नाही हीच छोट्या व्यावसायिकाची खरी अडचण आहे. महिन्याची २० तारीख आली की जीएसटीचे विवरणपत्र, ती सरली की पगार. पण विवरणपत्र भरण्याच्या दिवशीच सर्व्हर उघडला नाही, तर भुर्दंड एकट्या मालकाला पडत नाही. ज्यांचे पगार त्या हिशेबात अडकले आहेत आणि ज्यांनी विश्वासाने आपली कागदपत्रे दिली आहेत, ती माणसेही त्यात भरडली जातात. घानात योग्य वेळी वीज गेली होती. प्रत्येक कार्यालयाचे नशीब तेवढे बलवत्तर असेलच असे नाही.