जमीन सुधारा, पण टाकायचा माल आधी तपासा



गोदावरी, प्रवरा आणि मुळेच्या कालव्यांखाली राहणाऱ्या आपल्याला खारपड जमीन म्हणजे काय ते कुणी सांगायला नको. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या तालुक्यांत काळ्या रानात पाणी मुरत गेलं, निचरा झाला नाही आणि मीठ वर आलं. ही रानं अनेकांनी कष्टानं परत उभी केली. चर काढले, जिप्सम टाकलं, धैंचा नि ताग गाडला, तळ्याचा गाळ पसरला. हे काम मोलाचं आहे, ते थांबवू नका. पण सुधारणेच्या नावानं रानात जे येतं, ते आधी तपासून घ्या, एवढंच मागणं घेऊन मी हे लिहितो आहे.

कारण साधं आहे. मीठ धुता येतं, जड धातू धुता येत नाहीत. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला बाजूला सारतं आणि तो सोडियम पाण्याबरोबर चरातून निघून जातो. शिसं, कॅडमियम यांचं तसं नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते चिकणकणांना आणि चुन्याला धरून वरच्या वीतभर थरातच बसतात. जाळून, कुजून ते संपत नाहीत. दर वर्षी थोडं थोडं टाकलं, तर दर वर्षी साठा वाढतच जातो.

हे धातू येतात कुठून? डोंगरपायथ्याच्या पाझर तलावाचा गाळ बहुधा निर्धोक असतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत असा गाळ पुष्कळ रानांत गेला आणि हलक्या जमिनींना त्याचा फायदाच झाला. पण ज्या नाल्याला किंवा तळ्याला शहराचं सांडपाणी, गॅरेजचं तेलकट पाणी किंवा कारखान्याचं पाणी मिळतं, तिथला गाळ वेगळा समजा. नगर शहरातून वाहत पुढे जाणाऱ्या सीनेकाठच्या शेतकऱ्यांनी तर पाणी आणि गाळ दोन्हींकडे लक्ष द्यावं. न वेगळ्या केलेल्या कचऱ्याच्या शहरी खतात बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाइट यांचे अंश येऊ शकतात. खत कारखान्यातून येणारं फॉस्फोजिप्सम हे खाणीतल्या जिप्समसारखं नसतं. मूळ खडक जसा, तसे त्यात कॅडमियम आणि फ्लोराइड कमी-जास्त असतात. म्हणून ट्रॉली रिकामी करण्याआधी तपासणीचा कागद मागा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा ठरवून दिल्या आहेत: किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १०, पारा ०.१५. कागदावर हे आकडे नसतील, तर माल उतरवून घेऊ नका.

‘माझ्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे की,’ असं कुणी म्हणेल. पत्रिका कामाचीच आहे. पण तिच्या बारा बाबींमध्ये सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन एवढंच येतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाहीत. ती तपासणी वेगळी मागावी लागते.

खारपड रानाला आणखी एक धोका आहे. मातीत क्लोराइड जास्त असेल, तर ते कॅडमियमला धरून विरघळलेलं ठेवतं आणि पीक ते कॅडमियम सहज ओढून घेतं. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत ते दाण्यांपेक्षा जास्त उतरतं. जपानच्या तोयामा भागात खाणीचं कॅडमियम जिन्झू नदीतून भातखाचरांत गेलं, भातातून माणसांत गेलं. बायकांची हाडं ठिसूळ झाली. सरकारनं १९६८ साली हा आजार मान्य केला आणि तिथल्या शेतांची माती बदलण्याचं काम २०१२ पर्यंत चाललं. आपल्याकडे तशी परिस्थिती आहे असं मी म्हणत नाही. पण बिघडलेली माती दुरुस्त करायला किती वर्षं जातात, ते यावरून समजावं.

नमुना नीट घ्या. जिथे बाहेरचा माल टाकला, त्या रानात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत लाकडी खुंटीनं खरवडा. गंजकं खुरपं नको, जस्ताची बादली तर मुळीच नको, नाहीतर भांड्यातलंच जस्त नमुन्यात येईल. प्लास्टिकच्या घमेल्यात सगळं एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा वगळा. आणि दुसरा एक नमुना शेजारच्या, काहीच न टाकलेल्या तशाच काळ्या रानातून घ्या. आपली माती बेसाल्ट खडकाची आहे, तिच्यात निकेल, क्रोमियम, तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं. तुलना केल्याशिवाय आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका.

बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत, किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या मृदा विभागात आधी विचारा. धातूंची तपासणी कुठे होते, खर्च किती, हे तिथे समजेल. एकट्याला परवडत नसेल, तर एकाच गाळाचे किंवा एकाच ट्रकच्या मालाचे वापरकर्ते मिळून खर्च वाटून घ्या.

धातू जास्त निघाले, तर पहिली गोष्ट म्हणजे तो माल आणि ते पाणी थांबवा. त्या तुकड्यात पालेभाज्या आणि कंदमुळं घेऊ नका, फुलशेती किंवा कापूस घ्या. आम्ल टाकून सामू उतरवण्याच्या भानगडीत पडू नका, त्यानं धातू सुटतात. निर्धोक शेणखत द्या, जस्ताची कमतरता भरून काढा, निचरा चालू ठेवा.

उन्हाळ्यात गाळ उपसायचं ठरलं, की ग्रामसभेत एक ठराव करून घ्या: पहिला डंपर भरण्याआधी गाळाचा एक नमुना प्रयोगशाळेत जाईल आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. यंदा आपल्या गावानं एवढं जरूर करावं.