सॉफ्टवेअर नवे, माहितीपुस्तिका जुनी

प्रतिनिधी

धाड (जि. बुलडाणा) : संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविणे आता खेड्यातही अवघड राहिलेले नाही. ते कसे चालवावे हे सांगणारी माहिती मात्र अनेकदा दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असते. बुलडाणा तालुक्यात जालना जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या धाडसारख्या गावात या विसंगतीची झळ शहरापेक्षा अधिक बसू शकते. पतसंस्था असो वा शाळा, चार-सहा संगणक एका फाइल सर्व्हरला जोडले की खातेवह्या आणि दाखले त्या एकाच ठिकाणी राहतात. बिघाड झाल्यास तज्ज्ञ बाहेरगावाहून बोलवावा लागतो. तो येईपर्यंत माहितीपुस्तिका हाच तज्ज्ञ असतो.

लिनक्स सर्व्हरवरील फाइल विंडोज संगणकांना उपलब्ध करून देणारे ‘सांबा’ हे मुक्त सॉफ्टवेअर या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये त्याचा प्रारंभ केला. विंडोज ज्या ‘एसएमबी’ पद्धतीने फाइलींची देवाणघेवाण करते, तिचा पुरेसा तपशील तेव्हा खुला नव्हता. संगणकांमधील संभाषण न्याहाळून तो उलगडावा लागला.

कागदपत्रांसाठी कोट्यवधींचा दंड

तांत्रिक माहितीचे मोल किती असते, हे युरोपात दिसले. विंडोजशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक असलेली माहिती प्रतिस्पर्ध्यांना न दिल्याच्या कारणासह युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावला. दिलेली कागदपत्रे अपुरी असल्याचे सांगत जुलै २००६ मध्ये आणखी २८ कोटी ५ लाख युरोंची आकारणी झाली. न्यायालयीन निर्णयानंतर डिसेंबर २००७ मध्ये १० हजार युरो भरून ती कागदपत्रे सांबाच्या विकासकांसाठी मिळविण्यात आली. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘सांबा ४.०’ला त्यांचा मोठा आधार मिळाला.

दुसऱ्याकडून अचूक माहिती मिळविण्यासाठी एवढा लढा झाला; पण स्वतःची माहिती ताजी ठेवणे सांबालाही सोपे गेले नाही. ‘सांबा ३’साठी तयार झालेली विस्तृत मार्गदर्शिका २००३ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि तिने असंख्य तंत्रज्ञांना वाट दाखविली. पुढे सॉफ्टवेअर बदलत गेले, मार्गदर्शिकेची पाने मात्र इंटरनेटवर तशीच राहिली. फोल्डरनिहाय पासवर्ड ठेवण्याची जुनी पद्धत ४.० आवृत्तीत काढून टाकण्यात आली, तरी ती शिकविणारे लेख आजही सापडतात.

चुकीपेक्षा ‘चालणारा’ सल्ला घातक

जुना सल्ला निरुपयोगी ठरला, तर फार तर वेळ वाया जातो. तो चालला, तर धोका अधिक. सप्टेंबर २०१९ मधील ‘सांबा ४.११’मध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती मूळ मांडणीतच बंद करण्यात आली. साहजिकच अद्ययावतीकरणानंतर जुना स्कॅनर किंवा विंडोज एक्सपीचा संगणक सर्व्हरशी जोडला जात नाही. ‘पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करा’ हा उपाय लगेच सापडतो, काम सुरू होते आणि मुद्दाम बंद केलेले दार पुन्हा उघडते.

या दाराचा धोका महाराष्ट्राने पाहिला आहे. विंडोजमधील याच जुन्या आवृत्तीशी संबंधित त्रुटीचा वापर मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने केला. जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’च्या प्रसाराचा तो एक मार्ग होता. त्या हल्ल्यात नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ती सर्वत्र पोहोचली नव्हती.

उपाय खर्चिक नाही

जुनी पाने सरसकट पुसणे हा उपाय नव्हे; जुन्या यंत्रणा सांभाळणाऱ्यांना ती लागतात. मात्र प्रत्येक पानाच्या माथ्यावर ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे आणि शेवटचे कधी तपासले, हे ठळकपणे असायला हवे. सॉफ्टवेअरमधील बदल आणि माहितीतील दुरुस्ती एकाच वेळी व्हायला हवी. सांबाच्या प्रत्येक आवृत्तीसोबत तिच्या मांडणीचे संदर्भपान येते. इंटरनेटवरील लेखापेक्षा ते आधी पाहावे. ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा मांडणीच्या फाइलमधील चुका आणि कालबाह्य सूचना दाखविते. सर्व्हरला हात लावण्यापूर्वी ती चालविणे केव्हाही हिताचे.

राज्यात २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ने लाखो लोकांना संगणक वापरायला शिकविले. वापरण्याच्या पुढची पायरी देखभालीची आहे. कोणती आवृत्ती बसविली, कोणता बदल केव्हा आणि का केला, याची मराठीतील एक वही प्रत्येक कार्यालयात ठेवता येईल. धाडसारख्या गावात तंत्रज्ञ बदलतो, सर्व्हर तोच राहतो. नव्या माणसाच्या हाती ती वही नसेल, तर त्याला पुन्हा त्याच जुन्या लेखांचा आधार घ्यावा लागेल.