कॉम्प्युटर नव्याने मांडला, परवाना जुनाच चालेल का?

दुधाचा हिशेब, ऊसबिलाच्या नोंदी, सोसायटीचे कागद आणि मुलीचा अभ्यास हे सारे ज्याच्या पोटात साठवलेले असते, तो घरचा कॉम्प्युटर एखाद्या दिवशी सुरूच होत नाही. मांजरीच्या उपबाजारात भाजी उतरवली, की परतताना आपण तो हडपसरच्या एखाद्या दुकानात ठेवतो. दुकानदार पाहतो आणि म्हणतो, "विंडोज नव्याने टाकावी लागेल. परवानाही नवा लागेल." रक्कम ऐकून आपण गप्प झालो, की तोच हळू आवाजात सुचवतो, "नाहीतर फुकटातली टाकून देऊ का?"

अशा वेळी खिशात हात घालण्याआधी थोडे थांबा. विंडोज नव्याने टाकली म्हणून परवाना नवा घ्यावाच लागतो, असे नाही. एकदा मोजलेले पैसे बहुधा वाया जात नाहीत.

परवाना म्हणजे २५ अक्षरे-आकड्यांचा एक क्रमांक. पाच-पाचचे पाच गट असतात. दुकानात त्याला 'की' म्हणतात. विंडोज ७ च्या काळात तो पेटीवर किंवा लॅपटॉपच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर असे. २०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासून बहुतेक कंपन्या तो यंत्राच्या मदरबोर्डमध्येच भरून देऊ लागल्या. तेव्हा कागद दिसला नाही, म्हणजे परवाना नाही, असे समजू नका.

२०१५ साली विंडोज १० आली आणि आणखी एक सोय झाली. सातबाऱ्याचा उतारा घरात हरवला, म्हणून जमीन जात नाही. नोंद सरकारी दप्तरात असते. तसेच इथे आहे. तुमच्या यंत्राची ओळख आणि त्याचा परवाना यांची नोंद मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या दप्तरात राहते. विंडोज नव्याने टाकताना क्रमांक विचारला, तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडावा. पूर्वी 'होम' असेल तर होमच, 'प्रो' असेल तर प्रोच टाकावी. ही जात बदलली तर परवाना लागू होत नाही. मग इंटरनेट जोडला, की परवाना आपोआप ओळखला जातो. सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' उघडले, की ते दिसते.

आता परवान्याचे दोन प्रकार लक्षात घ्या. यंत्राबरोबर आलेला परवाना विहिरीसारखा असतो. तो उचलून दुसऱ्या शेतात नेता येत नाही. हार्ड डिस्क बदलली तरी सहसा अडचण येत नाही, पण मदरबोर्ड बदलला तर परवाना अडतो. दुकानातून वेगळा विकत घेतलेला परवाना मात्र पाण्याच्या मोटरीसारखा. ती एका विहिरीवरून काढून दुसरीवर बसवता येते, पण एका वेळी एकाच विहिरीवर चालते.

जुन्या क्रमांकांबाबत एक गोष्ट बदलली आहे. विंडोज ७ किंवा ८ च्या क्रमांकावर विंडोज १० चालू करून घेण्याची वाट बरीच वर्षे उघडी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने ती बंद केली. ज्यांनी त्याआधी यंत्र विंडोज १० वर नेले, त्यांची नोंद कायम आहे. ज्यांचे राहून गेले, त्यांना त्या जुन्या क्रमांकावर आता १० किंवा ११ मिळणार नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. यंत्र पुरेसे नवे असेल, तर १० च्याच परवान्यावर विंडोज ११ मोफत घेता येते. यंत्र फारच जुने असेल, तर लिनक्स टाकून घ्या. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि मराठीही चांगले चालते.

'फुकटातली' मात्र टाकून घेऊ नका. परवाना फोडणाऱ्या त्या कार्यक्रमाबरोबर काय आत शिरते, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ज्या यंत्रावरून आपण बँकेचा व्यवहार करतो, त्याचे दार चोराला उघडे ठेवून कसे चालेल?

आणि सर्वांत महत्त्वाचे. परवाना परत मिळतो, पुसलेला हिशेब परत मिळत नाही. यंत्र दुकानात देताना स्पष्ट सांगा, "आधी आमच्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढा, मग पुसा." काढलेल्या फायली त्याच्यासमोर उघडून पाहा. मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर तो फाँटही काढून घ्या. नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतील.

यंत्र धड चालत आहे तोवर आजच एक काम करा. विंडोज कोणती, होम की प्रो, क्रमांक कोणता आणि खाते कोणाच्या नावाचे, हे एका कागदावर लिहा आणि सातबाऱ्याच्या फायलीतच ठेवा. घरातल्या मुलांनाही तो कागद कुठे आहे ते सांगून ठेवा.