मिशनशाळेंतील पहिला वर्ग आणि आपलें घर

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले कीं मोठ्या कुटुंबांतून एक वाद हटकून उद्भवतो. घरांतील धाकट्या मुलीला कोणत्या शाळेंत घालावें? आईबापांचा ओढा बहुधा गांवांतील ख्रिस्ती शाळेकडे असतो. तेथील शिस्त, टापटीप आणि इंग्रजी यांची त्यांस मोहिनी पडलेली असते. आजीआजोबांच्या कपाळाला मात्र आठी पडते. नात हात जोडून कोणाचें नांव घेईल आणि नाताळांत कोणाचीं गाणीं म्हणेल, ही त्यांची चिंता. दोन्ही पक्षांना मुलीचें हितच हवें असतें. पण वाद चालतो तो इमारतीविषयीं, इंग्रजीविषयीं आणि धर्माविषयीं. वर्गाच्या चार भिंतींच्या आंत मूल दिवसभर करतें काय, हा मुख्य प्रश्न बाजूलाच राहतो. या महिन्यांत त्याचाच थोडा विचार करूं.

अशा शाळेंतील पहिल्या वर्गाचा दिवस सामान्यतः प्रार्थनेनें सुरू होतो. एक लहानसें गीत, दोन ओळींची विनवणी, मग हजेरी. चांगल्या शाळेंत त्यानंतरचा वेळ मात्र मुलांच्या हातांना, डोळ्यांना आणि कानांना दिलेला असतो. मुलें हावभावांसह गाणीं म्हणतात, चित्रें पाहून त्यांतील वस्तूंचीं नांवें सांगतात, मणी आणि काड्या मांडून दहापर्यंत मोजतात, ओल्या मातीचीं फळें करतात, कागदाच्या घड्या घालून होड्या करतात. खिडकीपाशीं एका मेजावर पानें, पिसें, शंख आणि बिया मांडलेल्या असतात. ओल्या कापसावर ठेवलेल्या मुगाला मोड केव्हां येतो हें पाहण्याचें काम रोज एकेकाकडे येतें. नीतिपाठाच्या तासाला खरें बोलावें, वाटून खावें, आजाऱ्याची विचारपूस करावी, अशा गोष्टी सांगितल्या जातात. डिसेंबरांत नाताळचा नाट्यप्रवेश होतो. त्यांत कोणी मेंढपाळ होतो, कोणी देवदूत होतो, आणि ज्याला चारचौघांत बोलण्याची भीति वाटते त्याला मेंढरूं करतात.

धर्माविषयीं प्रथम बोलूं. कारण तेथेंच घरांतील मनें अडतात. आजोबांची भीति हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं, तिच्या मागें इतिहास आहे. १८४३ सालीं मुंबईंतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरीं राहूं लागला. प्रकरण न्यायालयांत गेलें व मुलगा वडिलांच्या स्वाधीन झाला. पण त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावरून मोठें वादळ उठलें. प्रायश्चित्त देऊन मुलाला जवळ करावें हा पक्ष बाळशास्त्री जांभेकर यांनीं उचलून धरला, आणि त्याबद्दल स्वकीयांचा रोष पत्करला. एका अजाण मुलाच्या शाळेवरून सारा समाज दुभंगला, ही आठवण कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या मुरलेली आहे.

आजची स्थिति निराळी आहे. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमानें, सरकारमान्य अथवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेंतील धार्मिक शिक्षणांत किंवा उपासनेंत भाग घेण्याची सक्ति पालकांच्या संमतीवांचून अज्ञान मुलावर करतां येत नाहीं. ज्या कुटुंबाला याविषयीं संकोच वाटत असेल त्यानें घरांत कुजबुजत बसण्यापेक्षां शाळेच्या मुख्य बाईंना भेटून आदरानें आणि स्पष्टपणें बोलावें. मुलाला मात्र या ओढाताणींत घालूं नये. सकाळीं शाळेंत शिकलेलें गीत संध्याकाळीं देवघरासमोर म्हटलें म्हणून जें मूल मार खातें, तें गीत विसरत नाहीं. घरीं मोकळेपणें बोलणें तेवढें विसरतें.

आतां शिकविण्याच्या रीतीकडे वळूं. मिशनशाळेंतील सर्वच रीति विलायतेहून आल्या असें आपण समजतों. परंतु त्यांतील एक महत्त्वाची रीति येथूनच तिकडे गेली आहे. मद्रास येथें १७८९ सालीं अँड्र्यू बेल नांवाच्या पाद्र्याकडे लष्करांतील लोकांच्या अनाथ मुलांची शाळा आली. शिक्षक निरुत्साही आणि मुलें मागासलेलीं. एके दिवशीं सकाळीं घोड्यावरून फेरफटका करीत असतां त्याला एक देशी शाळा दिसली. तेथें मुलें जमिनीवर वाळू पसरून बोटानें अक्षरें गिरवीत होतीं. बेलनें ती रीति उचलली. पण त्याच्या शिक्षकांना ती रुचेना. तेव्हां त्यानें मुळाक्षरांचा वर्ग शाळेंतल्याच एका लहान मुलाकडे सोंपविला आणि त्या मुलानें तो उत्तम चालविला. १७९७ सालीं बेलनें या प्रयोगाचें पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. पुढें १८११ सालीं इंग्लंडच्या धर्मपीठाच्या आश्रयाखालीं गरीब मुलांच्या शिक्षणासाठीं जी मोठी संस्था निघाली, तिच्या शाळांनीं हीच ‘मद्रास पद्धति’ स्वीकारली. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंतली धूळपाटी ही त्या वाळूची सख्खी बहीणच. एकेका शिक्षकाच्या हाताखालीं शेंकडों मुलें घालून या पद्धतीची तिकडे पुढें नुसती घोकंपट्टी झाली, हेंही खरें. परंतु मुलानें आधीं बोटानें लिहावें आणि शिकलेलें दुसऱ्याला शिकवावें, हें तिचें मूळ सूत्र आजही तितकेंच खरें आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. त्यांनीं प्रथम ज्या शाळा काढल्या त्या मराठी शाळा होत्या, आणि तेथें शिकविण्याला त्यांनीं आपल्यांतलेच पंतोजी नेमले होते. १८२४ सालीं त्यांनीं मुंबईंत मुलींची शाळा उघडली. १८२७ सालीं आलेल्या मिस सिंथिया फरार यांनीं पुढें अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनानें घेतलें, आणि १८४८ सालीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे घेतले ते याच फरारबाईंकडे. परक्या देशांतून आलेल्या या बाईंनीं मराठी मुलींना मराठींतून शिकविलें, कारण लेंकरूं समजणार तें आईच्याच भाषेंत, हें त्यांना उमगलें होतें.

तिसरी गोष्ट खेळाची. जर्मनींतील एका पाद्र्याचा मुलगा फ्रेडरिक फ्रेबेल यानें १८४० सालीं आपल्या लहान मुलांच्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें. लोंकरीचे सहा रंगीत चेंडू, लांकडी गोल आणि घन, कागदाचें विणकाम, मातीकाम, हीं त्याचीं साधनें. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें त्याच्या शाळा नास्तिकपणाच्या संशयावरून बंद केल्या. ज्याला प्रत्येक चेंडूंत परमेश्वराची एकता दिसत होती त्याच्यावर हा आरोप यावा, हें नवलच. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या असतां त्यांनीं ही पद्धति मनापासून अभ्यासिली, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडल्यावर ती येथें आणली. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढें आनंदीबाई कर्वे झाल्या. शारदासदनावर धर्माच्या प्रश्नावरून वादळ आलें व कित्येक मुलींना घरीं परत नेण्यांत आलें. परंतु खेळांतून शिक्षणाचें बीं रुजलें तें रुजलेंच. पुढें ताराबाई मोडक यांनीं बोर्डी आणि कोसबाड येथें शंख, शिंपले, पानें, बिया अशा भोंवतालच्या वस्तूंनीं बालवाड्या चालवून दाखविल्या.

हाताला काम, आईची भाषा आणि खेळ, या तिहींच्या बळावर त्या जुन्या शाळा उभ्या राहिल्या. आज आपण मूल तेथें पाठवितों तें बहुधा चौथ्याच गोष्टीसाठीं. आजोबांना नातीचा धर्म जाईल अशी भीति वाटते. तिची भाषा जाईल ही भीति मात्र घरांत कोणालाच वाटत नाहीं. घरीं अखंड चिवचिवणारी मुलगी शाळेंत महिनेंच्या महिने मुकी बसते, कारण तहान लागली हें परक्या भाषेंत कसें सांगावें तें तिला ठाऊक नसतें. कापसावरच्या मुगाला मोड आलेला तिला सर्वांच्या आधीं दिसतो. आजीच्या मटकीमुळें तो शब्दही तिला ठाऊक असतो. पण बाईंना हवा असतो दुसराच शब्द. म्हणून ती गप्प राहते, आणि तिच्या नांवापुढें निरीक्षण कमी असा शेरा पडतो. अशा मुलीची बुद्धि मंद नसते. तिची जीभ तेवढी दाराबाहेर ठेवलेली असते.

२०२० सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला, हें चांगलेंच झालें. त्याच वर्षींच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंही शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें असें सांगितलें. पण आठवड्यांतले चार तास मराठी असणें निराळें आणि मराठींत विचार करणें निराळें. तें दुसरें काम घरालाच करावें लागेल, आणि एकत्र कुटुंबासारखी त्याला सोयीची जागा नाहीं.

तेव्हां शाळा पाहावयास जाल तेव्हां इमारत पाहूं नका. पहिल्या वर्गांत अर्धा तास बसूं द्याल काय, असें विचारा. मूल मराठींत बोललें तर बाई रागावतात कीं हंसून उत्तर देतात, तें पाहा. मुलांचे हात कामांत आहेत कीं घडी घालून ठेवलेले आहेत, तें पाहा. पांच वर्षांच्या बोटांकडून पानेंच्या पानें लिहवून घेत असतील तर शाळा कोणत्याही धर्माची असो, दोनदां विचार करा. आणि घरीं परातींत रवा पसरून नातीला त्यावर अक्षरें काढूं द्या. चुलतभावाकडे रोज पाव तास धाकटीला शिकविण्याचें काम सोंपवा. त्यानें दोघांचाही अभ्यास होतो. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आंकड्यांची सरस्वती तिच्याच हातानें काढवा. डिसेंबर आला म्हणजे आजीनेंच तिला मेंढपाळाचें मुंडासें बांधून द्यावें, आणि रात्रीं अंथरुणावर ती साऱ्या नाटकाची गोष्ट तिच्याकडून मराठींत ऐकावी. ज्या घरांत एवढें घडतें त्या घरच्या मुलीला गांवांतील कोणत्याही चांगल्या शाळेंत निर्धास्तपणें पाठवावें.