नॅचरल ठेवलंय, मावशी

हा लेख मी जवळजवळ वर्षभर टाळला. कारण उघड आहे. घरातली मंडळी हा ब्लॉग वाचतात, आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे तो माझा सख्खा भाचा. पण पुढच्या महिन्यात ताईचं वर्षश्राद्ध आहे, त्याआधी बोलले नाही तर मग बोलण्यात काही अर्थ नाही. तेव्हा भाचेमंडळी, रागवायचं तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचून रागवा. पेपर पूर्ण वाचल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत हे मी पस्तीस वर्षं पाळलं, तुम्हीही पाळा.

ताई गेली तेव्हा तेराव्याला हॉलमध्ये तिचा फोटो ठेवला होता. चांगला मोठा, चंदनाचा हार घातलेला. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "किती छान आलाय!", "अगदी समोर बसल्यासारख्या वाटतात." मीही समोर जाऊन उभी राहिले. ताईच होती. तेच डोळे, तेच हसू दाबलेले ओठ, नाकाशेजारची सुरकुतीसुद्धा जागच्या जागी. आणि तरी काहीतरी कमी होतं. वर्गात एखादं मूल आलेलं नसलं की हजेरी घ्यायच्या आधीच कळतं ना, तसं. मग लक्षात आलं. गालांवरचे, कपाळावरचे, नाकाच्या शेंड्यावरचे देवीचे व्रण नव्हते. एकही नव्हता.

भाच्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "मावशी, अगदी नॅचरल ठेवलंय गं. बघ ना, एडिट केलंय असं वाटतच नाही."

अरे बाबा, तेच तर माझं दुखणं आहे!

ज्यांनी ताईला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. १९५१ साली, वयाच्या सहाव्या वर्षी ताईला देवी आल्या. मी तेव्हा दोन वर्षांची, मला काहीच आठवत नाही, सगळं आईकडून ऐकलेलं. आई त्याला रोग म्हणत नसे, 'देवी आल्या' असंच म्हणे. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला, दारालाही कडुलिंब. मला आजीबरोबर मामाकडे धाडलं. ताई वाचली. पलीकडच्या आळीतली दोन मुलं वाचली नाहीत. वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या धुळीत पडले की कसे खळगे उमटतात, तसा तिचा चेहरा झाला, तो कायमचा.

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. म्हणजे आपल्याकडे जन्मलेल्या, आज पन्नाशीच्या आतल्या कुणाच्याही तोंडावर हे व्रण तुम्हाला दिसायचे नाहीत. ज्यांच्या तोंडावर आहेत ती माणसं एकेक करून चालली आहेत. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी ते फक्त फोटोंत उरतील, आणि आपण ते फोटोंतूनही पुसायला निघालो आहोत.

तर, मूळ पाहिल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून मी त्या स्टुडिओत गेले. मुलगा जेमतेम पंचविशीचा, वागायला गोड. खुर्ची दिली, चहा मागवला आणि काँप्युटरवर ताईची फाइल उघडून दाखवली. म्हणाला, "आजी, पूर्वी लोक नुसतं ब्लर मारायचे, चेहरा मेणाचा दिसायचा. आम्ही तसं करत नाही." मग त्यानं त्वचेचे दोन थर वेगळे करून दाखवले. एका थरात रंग आणि उजेड-सावली, दुसऱ्यात बारीक पोत, म्हणजे रंध्रं, लव, रेषा. पोताच्या थरात कपाळाच्या कडेची, केसांलगतची जरा बरी कातडी उचलायची आणि खळग्यांवर आणून बसवायची. मग रंगाच्या थरातली खळग्यांची सावली हलक्या हातानं सारखी करायची. शेवटी सगळ्याचा जोर निम्म्यावर आणायचा, म्हणजे खालचा खरा चेहरा थोडा झिरपत राहतो. कातडी उचलून बसवायच्या त्या हत्याराचं नाव 'हीलिंग ब्रश'. फोटोशॉप १९९० सालचं, हा ब्रश त्यात २००२ साली आला. दुसरीकडचा पोत आणतो आणि आजूबाजूच्या रंग-उजेडाशी जुळवून टाकतो. हुशारी खरी! पण हीलिंग म्हणजे बरं करणं ना? ताई १९५१ सालीच बरी झाली होती.

मी विचारलं, "मग सुरकुत्या का रे ठेवल्यास?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सगळंच काढलं तर लोकांना कळतं, आजी. थोडं ठेवायला लागतं."

माझ्या वर्गात एक मुलगा होता. शेजाऱ्याची उत्तरपत्रिका जशीच्या तशी उतरवायचा, पण दोन उत्तरं मुद्दाम चुकवायचा. पकडला तेव्हा मी त्याला इतर नक्कलबहाद्दरांपेक्षा जास्त ओरडले होते. बाकीचे नुसते आळशी होते, यानं माझ्या विश्वासाचा हिशेब करून ठेवला होता.

नॅचरल रिटचिंग म्हणजे ते दोन चुकवलेले प्रश्न. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. साहेब गुलाबी, दुसरी हनुवटी गायब, गाल आरशासारखे. त्यानं कोण फसतं? आपण रिक्षातून जाता जाता हसतो आणि पुढे जातो. ते उघड खोटं आहे, म्हणून निरुपद्रवी आहे. ताईचा फोटो खोटा आहे हे मात्र मी आणि आणखी चार म्हातारी माणसं सोडून कुणालाच कळणार नाही, आणि आम्ही काही फार दिवस पुरणार नाही. म्हणून 'नॅचरल ठेवलंय' हा बचाव मला मान्य नाही. माझ्या लेखी तोच आरोप आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई एवढ्या का चिडल्या? एका फोटोवरून? त्याचं कारण १९६६ सालचं आहे आणि ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

ताईला तेव्हा स्थळं बघायला सुरुवात झाली होती. आम्ही वाईला राहत होतो. फोटो काढायला ताईबरोबर मी गेले, सतरा वर्षांची. स्टुडिओच्या मागच्या खोलीत रिटचिंग करणारे एक वयस्कर गृहस्थ बसत. पुढे उतरतं मेज, मध्ये दुधी काच, खालून आरशानं उजेड वर आणलेला आणि त्या काचेवर निगेटिव्ह. सुईसारखं टोक केलेली पेन्सिल. निगेटिव्हवर आधी राळेचं पातळ वॉर्निश फिरवायचं, म्हणजे पेन्सिल धरते. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागेल तिथे प्रिंट उजळ येतो. खळगा म्हणजे सावली, त्यावर बारीक बारीक स्वल्पविरामासारख्या रेघा भरल्या की सावली गेली. विलक्षण धीराचं काम हो! आणि त्या लोकांवर अन्याय नको म्हणून हेही सांगते, की त्यांची कला मुळात लबाडीसाठी जन्मली नव्हती. त्यांच्या आधीच्या पिढीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे चेहऱ्यावरचा साधा लालसर डागही फोटोत काळा ठिक्कर यायचा. तो उजळ करणं म्हणजे फिल्मची चूक दुरुस्त करणं. तिथपर्यंत माझी काही हरकत नाही.

त्या गृहस्थांनी विचारलं, "व्रण काढायचे का?" ताई काही बोलली नाही. मी म्हणाले, "काढा."

फोटो सुरेख आला. घरातले सगळे खूष. साताऱ्याच्या एका स्थळाकडे पाठवला, होकारासारखं पत्र आलं, बघायला माणसं आली. ताई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचे पेले घेऊन उभी. मुलाच्या आत्यानं पिशवीतून फोटो काढला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि वडिलांना विचारलं, "हा फोटो धाकटीचा का?"

वडिलांची मान खाली गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. व्रण दिसणारा फोटो पाठवला असता तर कदाचित नकारच आला असता. पण तो पोस्टानं आला असता. तिच्या तोंडावर, तिच्या हातचे पोहे खाता खाता आला नसता.

दुसऱ्या दिवशी ताई एकटी स्टुडिओत गेली. म्हणाली, "नवा काढा, आणि पेन्सिल लावू नका." त्या गृहस्थांना वाईट वाटलं, "बाई, माझं काम चुकलं का?" ताई म्हणाली, "काम फार चांगलं झालं होतं, म्हणूनच." हे तिनं मला नंतर सांगितलं. 'काढा' म्हटल्याबद्दल ती मला आयुष्यात एकदाही बोलली नाही.

भाऊजींनी १९६८ साली तो दुसरा फोटो पाहून होकार कळवला.

तर भाच्या, तू केलंस ते मी तुझ्या आधी केलं होतं. तूही तिला विचारलं नाहीस, मीही विचारलं नव्हतं. फरक एवढाच, की मला निदान ती शेजारीच उभी होती. विचारता आलं असतं.

आता आक्षेप. तुम्ही केसांना रंग लावत होतात की, असं माझी सूनबाई म्हणणारच. लावत होते, साठीपर्यंत. पावडरही लावते. पण ते मी स्वतःला लावते आणि रात्री तोंड धुतलं की पावडर जाते. मग फोटोग्राफरनं प्रकाश नीट टाकला तर तेही खोटंच का? मुळीच नाही. बाजूनं कडक प्रकाश टाकला तर ताईचा प्रत्येक खळगा विहिरीएवढा दिसला असता, समोरून खिडकीचा मऊ उजेड घेतला तर दिसतो तेवढाच दिसतो. तो समजूतदारपणा झाला. जुन्या प्रिंटवरची बुरशी, घडीची भेग, फ्लॅशनं लाल झालेले डोळे, त्या दिवशीची पुटकुळी, चष्म्यावरची चकाकी, हे सगळं खुशाल काढा. पंधरा दिवसांनी जे आपोआप जाणार होतं ते आज काढलं तर माझं काही म्हणणं नाही. हातभर अंतरावरून सेल्फी घेतला की नाक मोठं दिसतं, तो अंतराचा दोष आहे, तोही दुरुस्त करा. आणि एखाद्या मुलीला स्वतःच्या फोटोतला भाजल्याचा डाग नको असेल तर तिचा चेहरा, तिची मर्जी, तिथे मावशीनं शहाणपण शिकवू नये. मात्र तिनं सांगावं. तिच्या वतीनं आईनं, मावशीनं, स्टुडिओवाल्यानं सांगू नये, आणि फोननं तर नाहीच नाही.

फोनचं म्हणाल तर ती आणखी निराळी कथा. कितीतरी फोनचे पुढचे कॅमेरे न विचारताच गाल गुळगुळीत करतात. गूगलनं २०२० साली आपल्या नव्या पिक्सेल फोनांत हे आपणहून सुरू न ठेवण्याचं ठरवलं, ते योग्य केलं. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा बारीक-जाड केला असेल तर तसं छापावं लागतं, नॉर्वेतही २०२२ पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे तर रिटच म्हणजे आधी गोरं करणं! त्याच २०२० साली एका मोठ्या विवाह संकेतस्थळानं वर्णानुसार शोधायची सोय काढली, टीका झाली तेव्हा. पण पत्रिकेबरोबर पाठवायच्या फोटोत मुलगी दोन छटा उजळलेली असतेच, आणि 'नॅचरल' असते.

खाई त्याला खवखवे, म्हणून एक कबुली. या ब्लॉगच्या कोपऱ्यात माझा जो फोटो आहे तो २००९ सालचा. त्यावर कुणी ब्रश फिरवलेला नाही, पण मी तो इतकी वर्षं बदललाही नाही. हेही त्यातलंच म्हणा. या आठवड्यात बदलते.

त्या स्टुडिओतल्या मुलाकडे मूळ फाइल होती. मी बारा बाय अठराचा प्रिंट काढून घेतला, काही न करता. पैसे देताना तो म्हणाला, "आजी, नुसती धूळ तरी काढू का?" म्हटलं, धूळ काढ. परवा भाच्याची धाकटी आली होती. तिनं फ्रेमच्या काचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजीच्या गालावर हे काय आहे?" नऊ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा! तिनं आजीला रोज पाहिलं होतं, तेव्हा पडला नव्हता. मी तिला देवीची सगळी गोष्ट सांगितली, कडुलिंबापासून. दीड तास बसली होती. मग विचारते, "मग आमच्या घरच्या फोटोत का नाहीये?"

मी म्हटलं, बाबाला विचार.

वर्षश्राद्धाला मी ती फ्रेम पिशवीत घालून आणणार आहे. तुझी उतरव असं म्हणत नाही. शेजारी एक खिळा ठोकून ठेव, बाबा, माझ्या हातात आता हातोडी राहत नाही.