तिवराचे ऋण

अरबी भाषेत 'सीफ' म्हणजे समुद्रकिनारा. बहरैनच्या मनामा या राजधानीतील सीफ भागाची बरीचशी भूमी समुद्रात भर घालून निर्माण झाली आहे. जेथे भरतीचे पाणी खेळे, तेथे आज उंच इमारती व बाजारपेठा उभ्या आहेत. या कर्तृत्वाचे कौतुक अवश्य व्हावे. मात्र अशीच भर शहराच्या दुसऱ्या अंगास तुबलीच्या उपसागरातही पडत गेली, आणि तेथे तिवराची वने संकोचली, ही गोष्ट विसरता येत नाही.

तिवराच्या प्रजातीस लिनियसने १७५३ साली 'अविसेनिया' हे नाव दिले, ते इब्न सीना (९८०–१०३७) या थोर वैद्याच्या स्मरणार्थ. आखाती प्रदेशात तिवराचा पाला उंटांचा चारा होता आणि लाकूड सरपण. कोकणच्या खाडीकाठीही गुरांना पाला व चुलीला जळण त्यानेच पुरविले. त्याच्या लहानशा पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात, तर मुळांच्या आश्रयाने मासळीची व कोळंबीची पिल्ले वाढतात.

पुढे गॅस आला, बाजारचा चारा आला, आणि उपयोग सरताच तिवर लोकांच्या लेखी निव्वळ झुडूप ठरले. खरा धोका येथेच आहे. कुऱ्हाडीने तोडलेले झाड कदाचित पुन्हा फुटेल. पण चिखलातून वर डोकावणारी त्याची श्वसनमुळे भरावाखाली गाडली गेली की ते गुदमरून मरते. तुबलीच्या उपसागरास १९९७ साली रामसर यादीत स्थान मिळाले; तिवरांचे क्षेत्र चौपट करण्याचा संकल्प बहरैनने २०२१ साली जाहीर केला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ साली खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला. हे सर्व स्तुत्य होय. तथापि भरतीची वाट मोकळी नसेल, तर नवी रोपे लावण्याचा समारंभ व्यर्थ आहे.

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांना हा विषय परका वाटू नये. मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेल्या त्यांच्या पूर्वजांत रत्नागिरीकडील माणसे पुष्कळ होती. खाडी व खाजण त्यांच्या परिचयाचे. मॉरिशसच्या किनाऱ्यावर तिवर नसले, तरी त्याच कामाचे कांदळ आहे. मुलांना ओहोटीच्या वेळी तेथे नेऊन त्या वृक्षांची ओळख करून द्यावी, आणि गणेशविसर्जनाचे निर्माल्य व सजावट त्यांच्या मुळांत अडकणार नाही अशी दक्षता मंडळांनी घ्यावी.

तिवराचे व कांदळाचे बीज मातृवृक्षावरच अंकुरू लागते, मग लाटांवर तरंगत जाऊन परक्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात मूळ धरते. गिरमिटियांच्या वंशजांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्या बीजाला रुजण्यापुरता चिखल शिल्लक ठेवणे, एवढे तरी त्यांच्याकडून घडावे.