टाकी भरली, पण काम झालं का?



आज स्वयंपाकघरातून जरा बाहेर, खाली पार्किंगमध्ये जाऊ या. चातुर्मास संपला की आपल्याकडे यात्रांचे बेत सुरू होतात. कुणी कुंथलगिरीला, कुणी मांगीतुंगीला, कुणी थेट श्रवणबेळगोळला. डब्यात काय न्यायचं याची यादी आठ दिवस आधी तयार असते. सूर्यास्ताच्या आत जेवण कुठं होईल, तेही ठरलेलं असतं. गाडीचं मात्र "ते हे बघतील" नाहीतर "गॅरेजवाला बघेल" म्हणून सोडून दिलेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की निदान कूलंट तपासणं आणि भरणं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हवं, आपल्यालाही. आणि भरताना जे खाली सांडतं, तेही त्याच कामात धरायला हवं.

आधी कूलंटविषयी. इंजिनात इंधन जळतं, त्याची उष्णता हे द्रव उचलतं, रेडिएटरमध्ये वाऱ्यानं निवतं आणि परत इंजिनाकडे जातं. साधारण निम्मं पाणी, निम्मं एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी थोडी रसायनं, असं ते मिश्रण असतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, हे सुमारे १०७ अंशांना. त्यातून झाकण घट्ट, आत दाब, म्हणून घाट चढतानाही ते सहसा उकळत नाही. रोज कुकर लावणारीला हे वेगळं समजवायला नको. नियमही कुकरचाच: दाब उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं द्रव थेट अंगावर येतं.

म्हणून तपासायचं ते सकाळी, इंजिन गार असताना, गाडी सपाट जागेवर उभी करून. बॉनेट उघडलं की आतलं दिसेल अशी प्लॅस्टिकची छोटी टाकी असते. तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये असली की झालं, झाकण उघडायचीही गरज नाही. कमी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच कूलंट घालावं. रंगावर जाऊ नये, कारण हिरवा, लाल, निळा हे रंग प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं देते. काही डब्यांत तयार मिश्रण असतं, काहींत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, ते डब्यावर वाचावं. बोअरचं पाणी घालू नये. गीझरच्या कॉइलवर क्षारांचा जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसेल. वरच्या खुणेपलीकडे भरू नये, कारण तापलं की ते फुगतं आणि जास्तीचं बाहेर येतं. आणि दर महिन्याला भरावं लागत असेल तर भरत राहू नका. हे द्रव बंद नळ्यांतून फिरतं, ते असं आटत नाही. कुठंतरी गळतंय, ते शोधून घ्या.

इथपर्यंत कुठलाही चांगला मेकॅनिक सांगेल. मला कळकळीनं सांगायचं आहे ते यापुढचं.

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते विष आहे. पोटात गेलं की यकृतात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं, त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक बनतात, ते मूत्रपिंडात साठतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. मांजराचा जीव जायला एक-दोन चमचे पुरतात, कुत्र्याला थोडं जास्त लागतं. सुरुवातीला ते जनावर झिंगल्यासारखं चालतं, मग बरं झाल्यासारखं वाटतं आणि आतून संपत जातं. उतारा आहे, पण मांजराला तो पहिल्या तीनेक तासांत मिळावा लागतो. पार्किंगमधल्या बेवारस मांजराला तीन तासांत डॉक्टरकडे कोण नेणार? आणि मांजराला मुद्दाम चाटावंही लागत नाही. थारोळ्यातून चाललं, नंतर पंजे चाटून साफ केले, तरी ते पोटात जातं.

माणसालाही ते तितकंच घातक. २०२२ साली गांबियात लहान मुलं दगावली, तेव्हा संशयित औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि हेच एथिलीन ग्लायकॉल सापडल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं. अमेरिकेतल्या उत्पादकांनी २०१२ मध्ये असल्या द्रवात कडू पदार्थ मिसळायचं मान्य केलं, प्राण्यांनी आणि मुलांनी तोंड लावू नये म्हणून. आपण आणलेल्या डब्यात तो असेलच असं धरून चालू नये. आणि कडू केल्यानं विष काही कमी होत नाही.

आता आपल्या घरातलीच एक गोष्ट आठवा. पाणी गाळलं की आपलं काम संपतं का? आपल्या आज्या गाळण्याचं फडकं उलटं धरून, वरून गाळलेलं पाणी सोडून, त्यातले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद परत पोचवायच्या. ती जिवाणी पोचली की मग गाळणं पूर्ण. मुनींच्या पाच समितींमध्ये उत्सर्ग समिती आहे, ती हेच सांगते: टाकायचं ते जीवजंतू नसलेल्या जागी, बघून टाका. आपण श्रावक, आपल्याला तेवढं कडक पाळणं जमणार नाही. पण वागण्याची दिशा तीच ना?

यावर कुणी म्हणेल, "रस्त्यावर चाकाखाली किती जीव जातात, तिथं या चार थेंबांचं काय घेऊन बसलीस?" प्रश्न रास्त आहे. पण संसार करताना जी हिंसा टाळताच येत नाही, ती वेगळी. सांडलेलं पुसायचा कंटाळा केला म्हणून झालेली हिंसा वेगळी. तिच्यातून आपल्याला काहीच मिळत नाही. आपल्या शास्त्रानं अनर्थदंडात प्रमादचर्येला जागा दिली आहे ती यासाठीच. मांजर मारावं असं कुणाच्याच मनात नसतं, फक्त खाली वाकून बघायचं राहून जातं.

करायचं ते फार थोडं आहे. ओतताना नरसाळं वापरा, खाली जुनं फडकं अंथरा. सांडलं तर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून टिपून घ्या, मगच ती जागा भरपूर पाण्यानं धुवा. भुसा आणि फडकं पिशवीत घट्ट बांधून घातक कचरा म्हणून वेगळं द्या. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मूळ डब्यातच, झाकण आवळून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. जुनं कूलंट बदलून घेताना गॅरेजवाल्याला विचारा, "दादा, हे काढलेलं कुठं टाकता?" गटारात ओतू नका म्हणून सांगा. एकीनं विचारलं तर तो हसेल, दहाजणींनी विचारलं तर वेगळा डबा ठेवेल. सोसायटीच्या बैठकीत गळणाऱ्या गाड्यांचा विषयही आपणच काढायला हरकत नाही. गाडी ज्याची, त्याच्या दुरुस्तीचे पैसेही त्यातून वाचतील.

यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पाच मिनिटं काढा. बॉनेट उघडून टाकीची पातळी बघा, मग वाकून गाडीखालची फरशीही बघा. फरशी कोरडी असली, की निघायची तयारी झाली.